कशाचाच नसलेला आवाज

रोहेलियो तालावेराने कचऱ्याच्या घंटेचा आवाज उलटा केला, तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला. घंटा सुलट वाजते तेव्हा आधी ठण्ण होतं आणि मग ते विरत जातं. उलटी केल्यावर विरणं आधी येत होतं, ते हळूहळू जमत जात होतं, आणि ठण्ण व्हायच्या नेमक्या क्षणी काहीच होत नव्हतं. हे फार मोठं काहीतरी आहे, असं त्याला वाटलं. त्याच्या बायकोला, नोएमीला, फ्रीज बिघडलाय असं वाटलं, आणि तिने स्वयंपाकघरात जाऊन फ्रीजला एक गुद्दा घातला.

"फ्रीज नाही," रोहेलियो आतून म्हणाला. "मी आहे."

"मग तुला कुठे मारायचं ते सांग," नोएमी म्हणाली. ती दातांच्या दवाखान्यात काम करायची. दिवसभर यंत्राची घरघर ऐकून आल्यावर घरीही तीच ऐकावी लागते, ही तक्रार करणं तिने लग्नानंतर थोड्याच दिवसांत सोडून दिलं होतं. "आणि सकाळी कचरा दिलास का?"

"रेकॉर्ड केला."

"कचरा?"

"घंटा. कचरा द्यायला खाली गेलो असतो तर रेकॉर्डिंग कुणी केलं असतं?"

कचऱ्याची पिशवी दाराशीच होती. नोएमीने ती पायाने थोडी बाजूला सारली आणि विषय संपवला.

रोहेलियो प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीत करायचा. म्हणजे ज्यात गाणं नसतं, ताल नसतो, आणि रचना संपली हे शेजारच्याने टाळ्या वाजवल्यावर कळतं. मेक्सिको शहरात असं संगीत करणारे बरेच आहेत आणि ते एकमेकांच्या कार्यक्रमांना आलटून पालटून श्रोते म्हणून जातात. पण या वेळी गोष्ट निराळी होती. सांस्कृतिक भवनाने एक मोठी मैफलमाला जाहीर केली होती आणि तिची अट एकच होती: रचनेतल्या कुठल्याही आवाजाचा उगम श्रोत्याला ओळखता येता कामा नये. शनिवारी भवनाच्या संचालिका, सगळे ज्यांना मानाने लिसेन्सियादा म्हणत त्या पेर्ला इतुर्बीदे, स्वतः रोहेलियोची रचना ऐकणार होत्या. ती निवडली गेली तर वर्षभराचं मानधन होतं. नाही निवडली गेली, तर सोमवारपासून रोहेलियोने नोएमीच्या भावाच्या दुकानात कामाला जायचं, असं जेवणाच्या टेबलावर सर्वानुमते ठरलं होतं. सर्वांमध्ये रोहेलियोही होता, पण त्या वेळी त्याच्या कानात हेडफोन होते.

हा भाऊ, आन्सेल्मो, कमोड, वॉश-बेसिन आणि टाइल्स विकायचा. माणूस वाईट नव्हता, हीच अडचण होती. वाईट माणसाकडे नोकरीला जायला ठामपणे नकार देता येतो.

घंटा निवडण्यामागे रोहेलियोचा विचार पक्का होता. त्याच्या पोर्तालेस वस्तीत त्या घंटेइतका ओळखीचा आवाज दुसरा नाही. कचरेवाला दॉन ताचो ती हलवत घंटागाडीच्या पुढे चालत येतो, आणि ती ऐकली की माणूस अंगाला साबण लावून उभा असला तरी टॉवेल गुंडाळून पिशवीसकट खाली पळतो, कारण गाडी कुणासाठी थांबत नाही. हा आवाज जर ओळखता येईनासा केला, तर जगातला कुठलाही करता येईल. म्हणून त्याने घंटा उलटी केली, ताणली, गाळली, पुन्हा ताणली. शेवटी ती त्याची त्यालाच ओळखू येईना. मग छोट्या खोलीत खालचे सूर मोकळे होत नाहीत म्हणून त्याने मित्राचे दोन कपाटाएवढे स्पीकर बाल्कनीत रस्त्याकडे तोंड करून ठेवले आणि रचना लावली.

थोड्याच वेळात जिन्यात चपला वाजू लागल्या.

रोहेलियोने खाली वाकून पाहिलं. अख्खी इमारत फुटपाथवर उभी होती. प्रत्येकाच्या हातात पिशवी होती. सगळ्यांत पुढे तळमजल्यावरच्या दॉन्या कुका होत्या. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण अजून इमारत भरवायच्या. केसांना रोलर लावलेले, दोन्ही हातांत दोन पिशव्या.

रोहेलियो खाली गेला. भीती वाटली म्हणून नाही, अभ्यासक म्हणून.

"दॉन्या कुका, तुम्ही घंटा ऐकलीत?"

"ऐकली म्हणजे? बहिरी वाटले का मी तुला?"

"कशी होती?"

"घंटा कशी असते? घंटेसारखी."

"पण ती घंटेसारखी नव्हतीच. उलटी होती, ताणलेली होती. आत ठण्ण नव्हतंच कुठे."

दॉन्या कुकांनी त्याच्याकडे वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे बघावं तसं बघितलं. "बाळा, दॉन ताचोला सर्दी झाली असेल. माणूसच आहे तो. तू पिशवी आण तुझी."

गाडी येईना. कोपऱ्यावरून वळली असेल, परत येईल, असं कुणीतरी म्हणालं. हातात किती वेळ धरायची म्हणून एकाने पिशवी खांबाशी टेकवली. एकाने टेकवल्यावर दुसऱ्याची तिथे ठेवायला काही हरकत उरत नाही.

रोहेलियो वर आला आणि त्याने आवाज आणखी मोडला. आता त्यात घंटा सोडाच, धातूसुद्धा उरला नव्हता. काहीतरी ओलं, लांबट असं होतं ते. त्याने ते लावलं. लोक पुन्हा खाली आले. ज्यांच्या घरात कचरा शिल्लक नव्हता ते शोधून काहीतरी घेऊन आले, कारण गाडी एका दिवसात इतक्यांदा येतेय म्हणजे पुढे मोठा संप असणार, असा तर्क दुसऱ्या मजल्यावर निघाला होता. एका कुटुंबाने गादी आणली. गादीवरून नवराबायकोचं एकमत नव्हतं असं दिसलं, कारण दोघं ती दोन दिशांना ओढत होते.

संध्याकाळपर्यंत खांब कमरेपर्यंत बुडाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरा दॉन ताचो खरी घंटा वाजवत आला आणि गल्लीत चिटपाखरू आलं नाही. लोक शहाणे झाले होते. दॉन ताचोने जोरात वाजवली. मग अजून जोरात. तिसऱ्या मजल्यावरून एक बाई ओरडली, "पुरे झालं आता, काल फसलो तेवढं बास." दॉन ताचोच्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. त्याने घंटेकडे बघितलं, उलटी करून आत बघितलं. मग त्याला खांबाशी लागलेला ढीग दिसला, आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. या गल्लीत दुसरी गाडी शिरली होती.

घंटागाड्यांच्या जगात याच्याइतका मोठा गुन्हा नाही. गल्ली ही ज्याची त्याची असते, बापाकडून मुलाकडे येते. दॉन ताचोने चौकशी केली आणि चौकशी त्याला रोहेलियोच्या दारात घेऊन आली.

"तुमची गाडी कुठाय, माएस्त्रो?" त्याने आत येऊन विचारलं. आवाज शांत होता. घंटा काखेत होती.

"माझी गाडी नाही."

"घंटा आहे आणि गाडी नाही?"

"हो."

"मग कचरा कशातून नेता?"

"नेत नाही."

"नुसती वाजवता?"

"हो."

दॉन ताचो खुर्चीवर बसला. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं, पण उभं राहून समजेल अशी ही बाब नव्हती. "लोक येतात?"

"तीच तर अडचण आहे."

"लोक आले तर अडचण," दॉन ताचो स्वतःशी म्हणाला. "आमच्यात नाही आले तर असते." त्याने जरा विचार केला. "मग वाजवता कशाला?"

"मला घंटेतून घंटा काढून टाकायचीय."

"आणि मग काय राहतं?"

"तेच बघायचंय," रोहेलियो म्हणाला आणि आता आलाच आहे तर याने ऐकावंच, म्हणून त्याने रचना हळू आवाजात लावली. दॉन ताचोने डोकं खाली घालून ती अखेरपर्यंत ऐकली.

"ही माझी घंटा नाही," तो म्हणाला. "आईची शपथ. कुठल्याच गाडीची नाही."

रोहेलियोचा चेहरा उजळला.

"पण खाली जावंसं वाटतंय," दॉन ताचो उठत म्हणाला. "का ते सांगता येणार नाही." दारात पोचल्यावर तो थबकला. "हे बघा, नियमाने मला युनियनला सांगावं लागतं. पण सांगू काय? एक माणूस आहे, गाडीशिवाय कचरा बोलावतो आणि आल्यावर घेत नाही? ते मलाच सुट्टीवर पाठवतील. त्यापेक्षा तुम्ही घंटेला सोडा."

रोहेलियोने घंटेला सोडलं. म्हणजे तिचे खालचे सगळे सूर कापून टाकले आणि फक्त वरची बारीक किनार ठेवली. ती किनार त्याने खालून वर सरकवली आणि वरून पुन्हा खाली आणली. शनिवार जवळ आला होता. त्याने बाल्कनीचं दार उघडलं आणि लावलं.

या वेळी चपला वाजल्या, पण जरा वेळाने. आधी घराघरांतून ड्रॉवर उघडल्याचे आवाज आले. मग इमारत खाली उतरली. हातात सुऱ्या होत्या, कात्र्या होत्या, एकाकडे बागेची मोठी कात्री आणि दॉन्या कुकांकडे मटण तोडायचा सत्तूर होता. धार लावणारा आपली पिपाणी खालून वर, वरून खाली अशीच फुंकतो. सगळ्यांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. त्याची सायकल कुठेच नव्हती. मग दॉन्या कुकांनी मान वर केली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या स्पीकरकडे पाहिलं. मग सगळ्यांनी पाहिलं.

दाराची बेल वाजली. नोएमीने दार उघडलं. जिन्याच्या वळणापर्यंत शेजारी उभे होते आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी पाजळलेलं, किंवा पाजळायला आणलेलं होतं.

"या," नोएमी म्हणाली. "आतल्या खोलीत आहे."

"तसं काही नाही गं पोरी," दॉन्या कुका म्हणाल्या. "सुऱ्या घेऊन खाली गेलो होतो, तिथनं सरळ वर आलो. परत घरी ठेवून यायचं म्हणजे जिना दोनदा चढायचा, आणि गुडघे माझे." सत्तूर त्यांनी पाठीमागे घेतला. "याला एवढंच विचार, हे कधी संपणार?"

"शनिवारी," रोहेलियो खोलीतूनच म्हणाला.

"मग तोपर्यंत काहीतरी व्यवस्था हवी. आवाज करायच्या आधी सांगत जा, की हा आवाज आहे."

"सगळे आवाजच असतात, दॉन्या कुका."

"नाही बाळा. गॅस हा गॅस असतो. पाणी हे पाणी असतं. तू जे करतोस तो आवाज."

आजवर त्याच्या कामाविषयी इतके लोक बोलले होते, त्यांतलं हे सर्वांत नेमकं वाक्य होतं, पण रोहेलियोला त्या वेळी ते अपमानासारखं लागलं.

व्यवस्था झाली नाही आणि गोंधळ वाढला. खरा धारवाला येऊन पिपाणी फुंकून गेला, कुणी उतरलं नाही. पाण्याचे बुधले विकणारा आला, लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. दॉन्या कुकांचा सिलिंडर संपला होता, पण गॅसवाल्याची आरोळी आली तेव्हा त्या सोफ्यावर बसून उपहासाने हसल्या आणि रात्री थंड बीन्स खाल्ल्या. मग प्रत्येक आवाजाची खातरजमा सुरू झाली. काहीही वाजलं की कुणीतरी वर बघून विचारायचं, "रोहेलियो, तू आहेस का?" रोहेलियो म्हणायचा, "मी नाही." पण तो असता तरी हेच म्हणाला असता, असं दुसऱ्या मजल्याचं मत पडलं. शेवटी पाणीवाला "पाणी, खरं पाणी" असं ओरडत जाऊ लागला. त्यामुळे शेजारच्या गल्लीतल्या लोकांना प्रश्न पडला की मग आपण इतकी वर्षं काय प्यायलो.

शुक्रवारी रोहेलियोने खालचं कापलेलं ठेवलं, वरचंही कापलं, आणि उरलेल्या मधल्या भागातून एकच लांब, संथ रेघ काढली. ती हळूहळू चढत होती आणि दमून खाली येत होती. ही त्याने बाहेर लावली नाही. नोएमीने त्याला तशी शपथच घातली होती. त्याने ती हेडफोनवर ऐकली आणि त्याला वाटलं, हा आवाज कशाचाच नाही.

शनिवारी सांस्कृतिक भवनाच्या काळ्या खोलीत इतुर्बीदे बाईंनी ती डोळे मिटून ऐकली. बाईंच्या गळ्यात मोठमोठ्या दगडांची माळ होती आणि रचना चढत गेली तशी त्यांची मान माळेसकट वर जात गेली.

"धाडसी आहे," त्या म्हणाल्या.

"आभारी आहे, लिसेन्सियादा."

"फार संयत. कुठे दिखाऊपणा नाही." त्यांनी डोळे उघडले. "एक खासगी प्रश्न विचारू? तुम्हाला रताळी आवडतात?"

"रताळी?"

"भट्टीतली. वाफाळणारी." त्यांची नजर भिंतीवर कुठेतरी गेली. "आमच्याकडे संध्याकाळी गाडी यायची, तिच्या भट्टीच्या वाफेची शिट्टी वाजायची ना, तशी. आई ताटली हातात द्यायची आणि सांगायची, वर डब्यातलं गोड घट्ट दूध जास्त घाल म्हणावं. तुमची रचना मध्यावर आली आणि माझ्या तोंडाला जे पाणी सुटलं... माफ करा." त्यांनी पर्समधून रुमाल काढला.

रोहेलियो घाबरला. "ते रताळ्याचं नाही, लिसेन्सियादा. शब्द देतो. तुम्ही म्हणता ती शिट्टी मी वापरलेलीच नाही. ती मुळात कचऱ्याची घंटा आहे."

बोलून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो.

इतुर्बीदे बाईंनी रुमालाची घडी घातली. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. "म्हणजे उगम दोन निघाले," त्या म्हणाल्या. "आणि आम्हाला एकही चालत नाही."

सोमवारी रोहेलियो दुकानात हजर झाला. दर्शनी भागात पांढरे कमोड ओळीने मांडले होते, झाकणं अर्धी उघडी, जणू सगळे एकदम काहीतरी बोलणार होते. आन्सेल्मो एका कमोडवर बसून हिशेब करत होता.

"या मेहुणेबुवा," तो म्हणाला. "बसा." बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून रोहेलियोही एकावर बसला.

"बिल्ला कुठे लावायचा?" रोहेलियोने विचारलं.

"बिल्ला राहू द्या. नोएमीने सगळं सांगितलं मला. तुम्हाला काउंटरवर बसवण्याइतका मी मूर्ख नाही." आन्सेल्मो पुढे झुकला. "तुमचा आवाज ऐकून लोक गाद्या घेऊन खाली येतात. गाद्या. माझ्याकडे लोक गरज असली तरी येत नाहीत. का? विचार करून बघा. कचरेवाल्याला घंटा आहे. धारवाल्याला पिपाणी आहे. रताळेवाल्याला शिट्टी आहे. या शहरात ज्याला आवाज आहे तो जगतो. कमोडवाल्याला आवाज आहे?"

"नाही."

"करा."

रोहेलियोला कळेना की हा टोमणा आहे की काम.

"सरळ सौदा आहे," आन्सेल्मो म्हणाला. "गाडीला भोंगा लावू, मागे माल ठेवू, फिरू. तुमच्या आवाजावर एक जरी कमोड उतरला, तरी तुम्ही घरी बसून आवाज करायचे, पगार माझा. तुम्ही म्हणाल ते यंत्र घेऊन देतो. पण एकही नाही उतरला, तर मग काउंटर, आणि घरी ते स्पीकर नकोत. ताईला झोप नाही."

मेहुण्याच्या तोंडून निघालेली ही अट सांस्कृतिक भवनाच्या अटीपेक्षा कितीतरी सोपी होती. आजवर रोहेलियो आवाजातून ओळख पुसत आला होता आणि ती जाता जात नव्हती. आता फक्त ती ठेवायची होती. त्याने मन लावून काम केलं. दुकानातला एक कमोड घरी आणून बाथरूममध्ये जोडला. फ्लश रेकॉर्ड केला, टाकी भरतानाची सळसळ रेकॉर्ड केली, झाकण हलकं टेकतानाचा आवाज, पोर्सेलिनवर चमचा मारल्यावर उठणारी लांब किणकिण. काही उलटं केलं नाही, काही ताणलं नाही. एकही लबाडी केली नाही. एकापुढे एक नीट मांडलं, म्हणजे लहान मुलालाही कळेल की हा कमोड आहे.

नोएमीने स्वयंपाकघरातून ऐकलं. ती दाराशी येऊन टेकून उभी राहिली. फ्रीजकडे गेली नाही.

"काय आहे हे?"

"कमोड."

"हो?" ती म्हणाली आणि जरा वेळ तशीच उभी राहिली. "बरं."

आपल्या गल्लीत आता कुणी विश्वास ठेवणार नाही म्हणून ते दूरच्या वस्तीत गेले. आन्सेल्मो गाडी चालवत होता. मागे कमोड दोरीने घट्ट बांधले होते आणि टपावर भोंगा होता. दुपारचं जेवण आटोपून गल्ली सुस्तावलेली होती. आन्सेल्मोने एका झाडाखाली गाडी थांबवली, इंजीन चालूच ठेवलं.

"वाजवा, मेहुणेबुवा. आणि मी सांगतो, दोरी सोडायची तयारी ठेवा."

रोहेलियोने वाजवलं. टाकी भरायला लागली. सळसळ गल्लीभर पसरली, तिच्यावर चमच्याची किणकिण आली आणि भिंतींमधून फिरत राहिली.

एक खिडकी उघडली. मग दुसरी. बाल्कन्यांमध्ये लोक येऊन उभे राहिले. समोरच्या घरात रेडिओ लागला होता, तो कुणीतरी बंद केला. आन्सेल्मोने उतरून दोरीची गाठ सैल केली, पुन्हा गाडीत बसला आणि जिन्याच्या दारांकडे पाहत राहिला. एकाही दारातून कुणी बाहेर आलं नाही.

पहिल्या मजल्यावर एक बाई हातात झारा घेऊन उभी होती. "ओ," ती खाली वाकून म्हणाली, "काय विकताय?"

"कमोड, सेन्योरा," रोहेलियो म्हणाला.

"ते दिसतंय. आवाज कशाचा आहे?"

"कमोडचाच आहे."

"थट्टा नका करू हो. मी नीट विचारतेय."

"समुद्राचा असेल," शेजारच्या बाल्कनीतल्या म्हाताऱ्याने सांगितलं. त्याच्या अंगात बनियन होतं आणि दाढीला अर्धा साबण.

"समुद्र कुठला दॉन फेर्मीन, समुद्राला असं किणकिणतं का कधी?"

"मग चर्चचा."

"चर्चमध्ये पाणी?"

"ओळखीचा वाटतोय," वरून कुणीतरी म्हणालं. "रोज ऐकतो आपण हा. आता आठवेल."

सगळे आठवत राहिले. कुणालाच आठवेना. आन्सेल्मोने गाडीतून डोकं बाहेर काढलं आणि मदतीला म्हणून मागच्या कमोडांकडे दोन्ही हातांनी खूण केली. लोकांनी कमोडांकडे पाहिलं, मान डोलावली, आणि पुन्हा भोंग्याकडे कान लावले.

"कशाचाच नाहीये तो," झारेवाली शेवटी म्हणाली. "तुम्ही गप्प बसा बरं सगळे. ऐकू द्या."

रोहेलियोने गाडीच्या दाराला धरलं. या वाक्यासाठी त्याने घंटा मोडली होती, पिपाणी मोडली होती, शेजाऱ्यांच्या हातात सुऱ्या दिल्या होत्या. आणि ते आता मिळालं होतं, तेही कमोड विकताना. याचं काय करायचं, हे त्याला समजेना.

रचना संपली. गल्लीत कुणी हललं नाही.

"पुन्हा लावा की," झारेवाली म्हणाली. "मधेमधे तुमच्या गाडीची घरघर येत होती."

आन्सेल्मोने आरशात मागे पाहिलं. कमोड होते तेवढेच होते. सैल केलेल्या दोरीमुळे जरा कलंडले होते, एवढाच फरक.

"एकही उतरला नाही, मेहुणेबुवा."

"नाही."

"म्हणजे काउंटर."

"हो."

"उद्यापासून. आधी टाइल्स दाखवीन, मग नळ." आन्सेल्मो हे बोलत होता, पण त्याची नजर बाल्कन्यांवर होती. तिथे बनियनवाला म्हातारा आतून खुर्ची आणत होता. त्याने सांभाळून, पायांचा आवाज होऊ न देता ती ठेवली आणि बसला. दाढी अर्धीच होती. आन्सेल्मो थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने हात पुढे केला आणि किल्ली फिरवून इंजीन बंद केलं.

"कशाकडे बघताय? लावा," तो रोहेलियोला म्हणाला. "बाई थांबल्यात."

रोहेलियोने पहिल्यापासून लावलं. कुणीही खाली आलं नाही.